उन्हात ठेवलेले सेल

मित्रांनो, माझ्या पाठीवर एक झाकण आहे. ते सरकवलं की चार सेल बसतील एवढी जागा दिसते आणि तिच्या तळाशी थोडे हिरवट डाग दिसतात. त्या डागांची हकीकत पुढे येईलच. मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. विटेहून थोडा मोठा, रंगाने काळा, उजव्या बाजूला कातडी पट्टा. माझ्या वयाची यंत्रं आपण किती गोड गाणी टिपली ते अभिमानाने सांगत असतात. मला मात्र आधी एक कबुली द्यायची आहे. एका मुलीने माझ्यामुळे अकरा वर्षं उगाच जिवाचं रान केलं आणि शेवटी ती हात टेकायला आली होती. आज सगळं नीट झालं असलं, तरी हे सांगताना मला ओशाळायला होतं.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी अगदी नेमका होतो. तपासणीच्या टेबलावर एका बाईंनी माझ्यात कॅसेट घालून माझा वेग मोजला, मान डोलावली आणि माझ्या पोटावर गोल शिक्का मारला. त्या शिक्क्याचा मला फार गर्व होता. टेपरेकॉर्डरची सगळी अब्रू त्याच्या वेगात असते. फीत ज्या वेगाने भरायची त्याच वेगाने वाजली पाहिजे, नाही तर माणसाचा आवाज माणसाचा राहत नाही. हे तेव्हाच मनावर घेतलं असतं तर फार बरं झालं असतं.

मला विकत घेतलं ते एका रंगाऱ्याने. मोटारींच्या गॅरेजमध्ये तो गाड्यांना रंग मारायचा. दिवसभर नाकाला फडकं बांधून फवारा चालवायचा आणि शनिवारी संध्याकाळी गॅरेजमागच्या हॉलमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. एका मोटारीच्या उरलेल्या निळ्या रंगाने त्याने ती गिटार स्वतः रंगवली होती. वाजवायचा ते ब्लूज आणि रॉक यांच्या मधलं काहीतरी. एक सूर धरायचा, बोटाने तार ओढून तो वाकवायचा, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं की आता हा खाली येईल, आता येईल. तो काही लवकर यायचा नाही. त्याच्या सोबतीला ड्रमवर गॅरेजमधलाच डेंटर असे. हा गृहस्थ दिवसभर चेपलेले पत्रे ठोकायचा आणि संध्याकाळी ड्रम ठोकायचा, आणि या दोन कामांत त्याला फारसा फरक वाटत नसावा, असं मला नेहमी वाटे.

रंगाऱ्याची बायको मोठ्या रुग्णालयात टेलिफोनच्या बोर्डावर होती. शनिवारी तिची नेमकी दुपारपाळी असे, दुपारी दोन ते रात्री नऊ. त्यामुळे नवऱ्याचा एकही कार्यक्रम तिने हॉलमध्ये बसून ऐकला नाही. म्हणून तर त्याने मला घेतलं होतं. ती येऊ शकत नव्हती, तर तिचे कान म्हणून मी जायचो.

आता हॉलमध्ये मला कुठे ठेवायचं याचं काही शास्त्र नव्हतं. जिथे जागा मिळेल तिथे मला ठेवून, लाल बटण दाबून रंगारी मंचावर पळायचा. कधी मी खुर्चीवर असे, कधी खिडकीत. एकदा मला पंख्याखाली ठेवलं, तर गाण्यापेक्षा वारंच जास्त भरलं. एकदा थंडीच्या दिवसांत कुणीतरी माझ्यावर कोट टाकला आणि सगळा कार्यक्रम मी पाण्याखाली बसून ऐकल्यासारखा ऐकला. घरी आल्यावर रंगारी प्रत्येक कॅसेटच्या चिठ्ठीवर प्रामाणिकपणे शेरा लिहायचा. 'खुर्चीवर. बरा.' 'पंख्याखाली. वाईट, पण दुसरं गाणं ऐकणे.' 'कोटाखाली. कोण तो गाढव.' अशा नऊ कॅसेटी झाल्या. नवव्या कॅसेटवर लिहिलं होतं, 'दाराजवळ. शेवटी दुपारपाळी. जपून ठेवणे.'

'दुपारपाळी' हे त्याने स्वतः रचलेलं वादन होतं. त्यात शब्द नव्हते.

आणि आता सेलांची गोष्ट. गॅरेजमध्ये गाडीखाली शिरणारे कारागीर दातात धरायचे छोटे टॉर्च वापरत. टॉर्चचा उजेड पिवळा पडला की त्यातले सेल काढून टाकत. रंगारी ते गोळा करून आणी. शनिवारी दुपारी घराच्या खिडकीत चार-सहा सेल रांगेने ऊन खात पडलेले असत आणि तो मधूनमधून ते फिरवून ठेवी, सगळ्या बाजूंनी शेकले जावेत म्हणून. उन्हात ठेवलेल्या सेलाला तासभर जोर येतो, हे तुमच्या आजोबांना विचारा, ते सांगतील. पण तो जोर पाहुण्यासारखा असतो. कार्यक्रम सुरू होताना मी झोकात फिरायचो, अर्ध्या तासाने माझी चाकं जड व्हायची, आणि शेवटच्या वादनापर्यंत मी अक्षरशः पाय ओढत असायचो. फीत हळू सरकत होती. मला ते जाणवत होतं. पण मी म्हटलं, चालायचंच, एवढ्या तेवढ्याने काय होतंय.

आणि खरंच काही होत नसे. कारण रविवारी सकाळी बायको ऐकायला बसे ती माझ्यावरच आणि त्याच सेलांवर. रात्रभर विसावा मिळाला की त्यांना पुन्हा थोडा जोर येई आणि तासाभरात पुन्हा दम लागे. जशी कॅसेट भरली, तश्शीच ती वाजे. माझी चूक मीच झाकत होतो आणि कुणाला पत्ता नव्हता.

त्या रविवारच्या सकाळी माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या. ती चहाचा कप हातात धरून डोळे मिटून ऐकायची. आवाज खराब असला की माझ्याकडे वाकून, कान जाळीला लावून ऐकायची. रंगारी समोर बसून उगाच नखांतला रंग काढत राहायचा. हॉलमध्ये टाळ्या पडलेल्या असल्या तरी त्याचा जीव रविवारपर्यंत टांगणीला लागलेला असे. बोर्डावर दिवसभर आवाजच ऐकायची सवय, त्यामुळे तिच्या कानांतून काही सुटत नसे. "तिसऱ्याला तुम्ही घाई केलीत," ती म्हणे. किंवा, "इथे तुमचा डेंटर झोपला होता का हो?" आणि कधीतरी कप खाली ठेवून नुसतीच गप्प बसे. ती गप्प बसली की रंगारी खूश होई.

त्यांना एक मुलगी झाली. ती तीन वर्षांची असताना रंगाऱ्याची छाती रंगाच्या वाफांनी भरून आली. त्याचा आवाज मुळातच जाड, तो आणखी घोगरा झाला, आणि एका पावसाळ्यात तो गेला. मला ते सविस्तर सांगता येणार नाही. तिने नऊ कॅसेटी पत्र्याच्या डब्यात भरल्या, निळी गिटार पलंगाखाली सरकवली आणि मला कपाटावर ठेवलं. माझ्यातले सेल काढायचं तिला सुचलं नाही. अशा वेळी कुणाला सुचतं? ते सेल माझ्या पोटात हळूहळू पाझरत गेले आणि सेलांना टेकणाऱ्या माझ्या धातूच्या पट्ट्या खाऊ लागले. हिरवे डाग म्हणालो ते हेच.

मित्रांनो, कपाटावरून घर फार छान दिसतं, पण खाली कुणी वर बघत नाही. मुलगी मोठी होत गेली. बारा वर्षांची असताना तिला तो डबा सापडला. तोवर घरात विजेवर चालणारा नवा टेप आला होता. वेगाला अगदी पक्का, पण डोक्याने थोडा मठ्ठ. जे घालाल ते सरळ वाजवायचं, एवढंच त्याला ठाऊक.

"आई, हे ऐकू?" तिने विचारलं.

"ऐक की. तुझेच बाबा आहेत," आई म्हणाली, आणि ड्युटीला निघायला अजून तासभर असताना साडी बदलायला आत गेली.

मुलगी शहाणी होती. आईला त्रास होतो हे तिला कळलं. त्या दिवसापासून तिने कॅसेटी ऐकल्या त्या फक्त हेडफोन लावून. आणि आईला वाटलं, पोरीला आपल्या बापाबरोबर एकटीला बसायचं असेल, आपण मधे कशाला. दोघी एकमेकींना इतकं जपत होत्या की एका घरात राहून त्या माणसाबद्दल त्या एक शब्द बोलत नव्हत्या.

मग पलंगाखालून निळी गिटार निघाली. कॅसेट ऐकायची, थांबवायची, मागे न्यायची, बोटं शोधायची. आवाज कुठे खरखरीत, कुठे बुडालेला, कुठे पंख्याने उडवलेला. पण तिने त्यातून एकेक सूर निवडून काढला. हेडफोनमधलं मला ऐकू येत नसे, पण ती वाजवायची ते येत असे. कोटाखालची कॅसेट तिने फक्त ड्रमच्या ठोक्यांवरून ओळखून उभी केली, तेव्हा माझा ऊर भरून आला. मग एक दिवस ती 'दुपारपाळी' वाजवू लागली, आणि मी चमकलो. सगळे सूर बरोबर होते. पण ते वरच्या पट्टीत होते आणि पळत होते, कुणी काठी घेऊन मागे लागल्यासारखे. मला वाटलं, नवी पोर आहे, घाई करते. स्वयंपाकघरात तिच्या आईलाही तेच वाटलं असणार. तिने एकदा ऐकत ऐकत मान हलवली आणि पुन्हा भाजी चिरायला लागली.

खरा प्रकार मला कळला तो डेंटरकाका घरी आले तेव्हा. ते आता म्हातारे झाले होते आणि जन्मभर पत्रे ठोकून त्यांचे कान गेले होते. ही गोष्ट ते कुणाला कळू देत नसत. समोरचा काही बोलला की जोराने मान हलवत.

मुलीने विचारलं, "काका, बाबा कार्यक्रम संपत येईल तसे चढत जायचे ना? वेग पण वाढायचा आणि सूर पण. शेवटच्या वादनापर्यंत तारा आणखी ओढून घ्यायचे का ते?"

"हो, हो," काका म्हणाले.

"इतक्या वेगात? आणि इतकं स्वच्छ?"

"हो तर. वा!" काका म्हणाले आणि बशीतलं बिस्किट उचललं.

मित्रांनो, माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दमलेल्या सेलांवर मी फीत हळू सरकवली होती, आणि तो मठ्ठ नवा टेप ती पूर्ण वेगाने पळवत होता. रंगारी कधीच तसा वाजवत नव्हता. जगात कुणीच तसं वाजवत नव्हतं. ती मुलगी एका नसलेल्या माणसाच्या नसलेल्या वेगाचा पाठलाग करत होती, आणि तो वेग मी निर्माण केला होता. ओरडून सांगावंसं वाटलं. पण मी ऐकायला आणि ऐकवायला झालेलो. स्वतःचं असं एक वाक्य मला कधी बोलता आलं नाही.

अशी अकरा वर्षं गेली. ती नोकरीला लागली, चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचं नाजूक काम, आणि घरी आली की गिटार. बाबांच्या सुराला मिळवायचं म्हणून ती तारा ताणायची, आणि दर महिन्या-दोन महिन्यांनी एखादी तार फटकन तुटून तिच्या हातावर यायची. वेग जवळजवळ जमला होता. खरं सांगू? कुणी ऐकलं असतं तर थक्क झालं असतं. पण तिला तो 'जवळजवळ'च खुपायचा. बाबा इतक्या सहज वाजवतात आणि आपला घाम निघतो, म्हणजे आपल्यातच काही कमी आहे, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. शेवटी तिचं मनगट सुजलं. डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि हाताला विश्रांती द्यायला सांगितलं.

नेमके त्याच आठवड्यात डेंटरकाका पुन्हा आले. जुने सगळे पुढच्या महिन्यात हॉलमध्ये जमणार होते. तिने 'दुपारपाळी' वाजवावी, अशी सगळ्यांची इच्छा होती.

"मी नाही काका," ती म्हणाली, आणि पट्टा बांधलेला हात दाखवला. काकांना ऐकू आलं नाही, पण हात दिसला. ते गेल्यावर ती आईला म्हणाली, "हाताचं निमित्त आहे गं. मला त्यांच्या निम्मंही येत नाही. गिटार देऊन टाकते. वाद्यांच्या दुकानातला माणूस रविवारी अकराला येतोय."

आई रात्रपाळीवरून आल्यासारखी थकलेली दिसत होती. ती म्हणाली, "दे. तुझी आहे ती. पण जायच्या आधी मला एकदा ते ऐकव. तुझं नको, त्यांचं."

मुलीने हेडफोनची वायर टेपमधून उपसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो टेप खोलीत मोकळा वाजणार होता. तिने नववी कॅसेट घातली आणि शेवटाजवळ आणली. आधी टाळ्या, मग माईकवर कुणीतरी चिवचिवाट करावा तसं भरभर बोललं, आणि मग गिटार सुटली.

"थांब," आई म्हणाली. "आता बोललं ते कोण?"

"बाबा. एकाच कॅसेटवर बोलतात ते. काय बोलतात कळत नाही, दार उघडं होतं, आवाज घुमतो. पण मी रोज ऐकते."

"हे ते नाहीत."

"आई..."

"अगं, सव्वीस वर्षं बोर्डावर बसले मी. माणूस 'हॅलो' म्हणायच्या आधी नुसता श्वास घेतो ना, त्यावरून ओळखते कोण आहे ते. त्यांचा आवाज जाड होता. घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा. हा कोण पोरगा आहे?"

मुलीचा चेहरा उतरला. बापाची एकच गोष्ट तिला ठाऊक होती, ती म्हणजे हा बारीक आवाज. आणि आज तोही परका निघत होता. "पण वाजवतात ते तरी तेच आहेत ना?" तिने हळूच विचारलं.

आईने कॅसेट पुढे जाऊ दिली. डोळे मिटले. "बोटं त्यांची आहेत," ती म्हणाली. "पण हे असं का पळतंय? 'दुपारपाळी' म्हणजे माझी दुपारपाळी, बाळा. मी येईपर्यंतचे सात तास. घड्याळाकडे बघत बसलेला माणूस आहे तो. ते पळत कसं वाजेल?"

मग तिने डोळे उघडले आणि खिडकीकडे पाहिलं. तिथे आता काही नव्हतं, फक्त ऊन होतं. कितीतरी वेळ ती त्या रिकाम्या उन्हाकडे बघत राहिली.

"सेल," ती म्हणाली. "मेले ते सेल." आणि खुर्ची ओढून, वर चढून, तिने मला कपाटावरून खाली घेतलं.

त्या क्षणी मला काय वाटलं ते मी सांगणार नाही. वीस वर्षांत मला पहिल्यांदा कुणाचा हात लागला होता. तिने दात घासायच्या जुन्या ब्रशने माझ्या पोटातला क्षार खरवडून काढला. माझा रबरी पट्टा तर चिकट होऊन वितळला होता. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका बाईंकडे मला नेलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावून मला तपासलं, "याला कशाला जगवताय?" असं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता नवा पट्टा बसवून दिला.

रविवारी सकाळी दोघी मला मधे ठेवून बसल्या. मुलीने नवे सेल घातले. कॅसेट लागली, आणि तोच चिवचिवाट आला. नव्या सेलांवर मीही त्या मठ्ठ टेपसारखाच पळालो. मुलीने मान खाली घातली.

"नवे सेल या घरात कधी यायचेच नाहीत," आई म्हणाली. "दमलेले शोध."

मग घरात जी शोधाशोध झाली, ती मी जन्मभर विसरणार नाही. भिंतीवरच्या घड्याळातला सेल निघाला, आणि घड्याळ दहा वाजून वीस मिनिटांवर थांबलं. रिमोटचे दोन निघाले. गजराच्या घड्याळातला निघाला, स्वयंपाकघरातल्या टॉर्चमधले निघाले. मुलगी एकेक सेल बदलायची, आई डोळे मिटून ऐकायची.

"अजून जाड."

रिमोटचा एक गेला.

"अजून. अजून थोडा."

टॉर्चचा गेला. आता आवाज इतका खाली गेला की बैल बोलावा.

"हे फार झालं. एक नवा घाल."

मुलगी हसली आणि तिने सेल पुन्हा लावले. दोन नवे, एक रिमोटचा, एक घड्याळातला. पुन्हा मागे नेलं, पुन्हा बटण दाबलं. मी जीव मुठीत धरून फिरू लागलो. इतका सांभाळून मी आयुष्यात कधी फिरलो नव्हतो.

टाळ्या झाल्या. कुणीतरी घसा खाकरला.

"हां," आई म्हणाली, आणि तिने तोंडाला पदर लावला.

माझ्या जाळीतून रंगारी बोलला. जाड, घोगऱ्या, सावकाश आवाजात, एकेक शब्द कळेल असा. "हे शेवटचं. 'दुपारपाळी'. दोन वर्षं वाजवतोय, पण अजून माझ्या हातात नीट बसलेलं नाही. तेव्हा हळूहळू वाजवतो, सांभाळून घ्या. चुकलं तर उद्या सकाळी कळेलच मला. घरी ऐकणारी आहे."

हॉलमध्ये हशा पिकला, आणि गिटार सुरू झाली.

 मुलीने मला मागे नेलं आणि ते बोलणं पुन्हा ऐकलं. मग पुन्हा. चार वेळा. आपल्या बापाचा आवाज ती तेविसाव्या वर्षी पहिल्यांदा ऐकत होती, आणि तो सांगत होता की मला अजून जमत नाही.

"ते चुकले होते त्या दिवशी," आई म्हणाली. "एका जागी. बाकी सगळं मी सांगायचे, पण तेवढं एक नाही सांगितलं."

"कुठे?"

"येईल. ऐक."

'दुपारपाळी' चालू राहिली. दोन सुरांच्या मधे केवढी जागा होती त्यात! पळापळीत ती सगळी चेंगरून गेली होती. सूर वर जाऊन थांबायचा, वाट बघायचा, आणि कुणी येत नाही असं दिसल्यावर निमूट खाली यायचा. मधेच एका ठिकाणी बोट घसरलं. तार भलत्याच सुरावर गेली, क्षणभर तिथेच बावरून उभी राहिली, आणि मग जणू तिकडेच जायचं होतं अशा ऐटीत परत आली. आईने बोट वर केलं.

"ही चूक आहे?" मुलगी म्हणाली. "आई, मला सगळ्यात हीच जागा आवडते. मी सगळ्यात आधी हीच शिकले."

"मलाही हीच आवडायची," आई म्हणाली. "म्हणून तर सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी ती दुरुस्त केली असती."

मुलीने गिटार घेतली. खुंट्या पिळून तारा सैल केल्या, कितीतरी वर्षांनी त्यांना मोकळा श्वास मिळाला असेल. मनगटाचा पट्टा तसाच होता. तिने बापाच्या चालीने सुरुवात केली आणि हात दुखला नाही. पहिल्या दोन वेळा ती सवयीने पुढे पळाली, तेव्हा आईने नुसतं "अं हं" म्हटलं. तिसऱ्यांदा ती थांबायला शिकली. मोकळ्या जागा मोकळ्या सोडायला शिकली. त्या घसरणाऱ्या जागेशी आली तेव्हा तिचं बोट अगदी तसंच घसरलं, आणि दोघी एकमेकींकडे बघून हसल्या आणि रडल्या.

दारावरची घंटा वाजली. अकरा वाजून गेले होते; घड्याळ बंद, कुणाला कळणार? आईने दार उघडलं. वाद्यांच्या दुकानातला माणूस रिकामी पेटी घेऊन उभा होता.

"गिटार न्यायला आलोय," तो म्हणाला.

"ती कामात आहे," आई म्हणाली. "तुम्ही आत या आणि बसा. संपेपर्यंत बोलू नका."

मित्रांनो, तो बसला, आणि बोलला नाही. माझ्यासारख्या म्हाताऱ्याने आता शेवटी काही उपदेश करावा, अशी तुमची अपेक्षा असेल. यंत्रात सेल ठेवून त्याला विसरू नका, पट्टे वेळेवर बदला, वगैरे मी सांगेनच. त्यात माझा स्वार्थ आहे. पण यंत्र चुकलं तर माणसं ती चूक पकडू शकतात, एवढंच की त्यांनी एका खोलीत बसायला हवं. ज्या बाईला रंगाऱ्याचा आवाज ठाऊक होता ती ऐकत नव्हती, आणि जी ऐकत होती तिला आवाज ठाऊक नव्हता. मधे होती ती फक्त हेडफोनची एक बारीक वायर. तुमच्या घरात कुणी गेलेल्या माणसाचं काही जपून ठेवलं असेल, खराब असेल, खरखरीत असेल, अर्धवट असेल, तर ते कोपऱ्यात बसून एकट्याने ऐकू नका. दुःख होईल म्हणून कुणाला वगळू नका. वायर उपसा, आईला हाक मारा, आणि तिला विचारा, "हे बरोबर वाजतंय का गं?"